तुकडा कुणाचा, जीव कुणाचा?

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत मन आणि जड यांना कायम समोरासमोर उभं केलेलं असतं. मन जडातून उपजतं, की जड हाच मनाचा पसारा, की दोन्ही आपापल्या जागी स्वतंत्र? या वादावर शतकानुशतकं शाई खर्ची पडली आहे. मी प्राणिशास्त्राचा माणूस. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात आयुष्यभर शिकवलं आणि या वादाची गोडी मला सूक्ष्मदर्शकापाशी लागली. त्यामुळे असेल, पण ही पुस्तकं वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकत आली आहे. मन असलेलं म्हणून आपल्याला जे जे ठाऊक आहे ते सगळं आधी जिवंत आहे. मनाचा मागमूस दिसत नाही असे जीव अवतीभवती पुष्कळ आहेत. जीवाशिवाय नुसतं मन आजवर कुणी दाखवलेलं नाही. तरीही मनाची चर्चा करणारे बहुतेक जण जीव ओलांडून थेट जडावर जातात. मधली पायरी गाळल्यावर वरची पायरी अधांतरी दिसणार, यात नवल काय?

ही गाळलेली पायरी युरोपातल्या विचारवंतांच्या पुढ्यात एकदा जबरदस्तीने येऊन पडली. आणली ती डबक्यात राहणाऱ्या, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या, मेंदूचा पत्ता नसलेल्या एका प्राण्याने. त्याचं नाव हायड्रा. दिवाळी अंकाने पानं मोकळ्या हाताने दिली आहेत, तेव्हा मी या प्राण्याबद्दल मनसोक्त लिहिणार आहे. तत्त्वज्ञ त्याच्या मागोमाग येतील.

आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जलव्याल असंही म्हणतात. पाऊस सरून पाणी निवळलं की तळ्याच्या किंवा संथ ओढ्याच्या काठची थोडी पाणवनस्पती बरणीत घेऊन यावी आणि बरणी खिडकीपाशी न हलवता ठेवून द्यावी. नशीब असेल तर पानांच्या खालच्या अंगाला, कधी थेट काचेवरच, उसवलेल्या दोऱ्याचा तुकडा चिकटावा तसं काहीतरी लोंबताना दिसतं. भिंग लावलं की त्याच्या मोकळ्या टोकाशी पाच, सहा, सात शुंडकं दिसू लागतात, देहाहूनही लांब आणि पाण्यात सैल सोडलेली. बरणीला टिचकी मारा, क्षणात सगळं आक्रसून टाचणीच्या डोक्याएवढा गोळा होतो. थोड्या वेळाने तो गोळा पुन्हा सावकाश लांबतो. डॅफ्नियासारखा एखादा बारीक पाणजीव शुंडकाला नुसता घासून गेला तरी पुरे. शुंडकावरच्या दंशपेशींतून विषारी तंतू सुटतात, सावज लुळं पडतं, उरलेली शुंडकं त्याच्याकडे वळतात आणि एरवी दिसतही नसलेलं तोंड उघडून त्याला आत घेतं. अंग पारदर्शक असल्यामुळे गिळलेला घास आत स्पष्ट दिसत राहतो. खाणं मुबलक मिळालं की अंगाच्या बाजूला एक फुगवटा येतो, त्याला शुंडकं फुटतात आणि दोन-चार दिवसांत लेकरू आईपासून सुटून आपली जागा धरतं. जागा बदलायची असली तर तोंडाकडची बाजू टेकवायची, पाय सोडायचा आणि कोलांटी घ्यायची, अशी याची चाल.

देह म्हणजे पेशींचे दोन थर आणि मध्ये एक पातळ पेशीविरहित पडदा. हृदय नाही, रक्त नाही, फुप्फुसं नाहीत. चेतापेशी आहेत, पण त्यांचं कुठेही ठाणं नाही. सर्वांगभर पसरलेलं जाळं आहे. हे जाळं लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

आता पार्श्वभूमी, धावती. ॲरिस्टॉटलने जीवाच्या तीन पातळ्या मानल्या: वाढणारा, संवेदना असणारा आणि विचार करणारा. कापलेल्या किड्याचे तुकडे काही काळ हालचाल करतात, त्यांना स्पर्श कळतो, हेही त्याने टिपून ठेवलं होतं. आपल्याकडे चार्वाकांनी चैतन्य हे भूतांच्या विशिष्ट संयोगातून उपजतं असं मानलं, पदार्थ आंबवल्यावर त्यात मद उपजावा तसं. सांख्यांनी रेघच निराळ्या ठिकाणी ओढली. बुद्धी, अहंकार आणि मन ही सगळी प्रकृतीची, म्हणजे जडाच्या पंक्तीतली. पलीकडे उरतो तो केवळ साक्षी पुरुष. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जडवादावर मराठीत पुस्तक लिहिलं आहे. ज्यांना हा भाग नीट समजून घ्यायचा आहे त्यांनी ते मिळवून वाचावं. मला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपर्यंत पोचायची घाई आहे.

देकार्तने जगाचे सरळ दोन भाग केले. एकीकडे जागा व्यापणारं जड, दुसरीकडे विचार करणारं मन. मग जीव कुठे बसवायचा? त्याने तो जडाच्या खात्यात टाकला. १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने प्राण्यांना यंत्रांच्या रांगेत बसवलं: हृदय चालतं, अन्न पचतं, कुत्रा धावतो, ते सगळं घड्याळाच्या चाकांच्या नियमाने, त्यासाठी आत्म्याची गरज नाही. आत्मा फक्त माणसाला. मला हा निर्णय युरोपीय विचारातला सगळ्यात महागडा निर्णय वाटतो. त्या एका फटक्यात जीव हा स्वतंत्र प्रश्न म्हणून शिल्लकच राहिला नाही.

त्यातली फट पहिल्यांदा अचूक दाखवली ती चोवीस वर्षांच्या एका तरुणीने. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, राज्य गमावलेल्या घराण्यातली, हेग शहरात निर्वासितांचं जिणं जगत होती. मे १६४३ मध्ये तिने देकार्तला पत्र लिहून विचारलं, की मनाला जर आकार नाही, जागा नाही, तर ते देहाला ढकलतं कसं? ढकलायला स्पर्श लागतो आणि स्पर्शाला पृष्ठभाग. देकार्तने दिलेल्या उत्तरांनी तिचं समाधान झालं नाही आणि तसं तिने त्याला अदबीने कळवलंही. पुढच्याच वर्षी देकार्तने आपला मोठा ग्रंथ तिला अर्पण केला. मनाच्या तत्त्वज्ञानाचा कुठलाही अभ्यासक्रम या पत्रांपासून सुरू व्हावा, असं माझं ठाम मत आहे. त्यात एक थोर पंडित आणि एक जिज्ञासू वाचक एकमेकांशी बरोबरीने बोलतात आणि अडचण जराही झाकली जात नाही.

हेगचं नाव ध्यानात असू द्यावं. जवळजवळ शंभर वर्षांनी याच शहराच्या वेशीबाहेर दुसरी फट पडली.

अब्राहम ट्रेंबली मूळचा जिनिव्हाचा. जन्म १७१०. गणित शिकलेला. नोकरीच्या शोधात हॉलंडला आला आणि काउंट विलेम बेंटिंक यांच्या दोन मुलांचा घरशिक्षक झाला. बेंटिंकांची सोर्गफ्लीट नावाची वाडी होती. झाडी, कालवे, तळी असलेली. माझा भाचा नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये असताना मी हेगला मुद्दाम गेलो ते या वाडीसाठी. तिथलं घर आज डच पंतप्रधानांचं अधिकृत निवासस्थान आहे. भोवती कुंपण आणि दाट झाडी. जवळच आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा शांतिप्रासाद आहे. माझ्याबरोबरच्या साऱ्यांना तो पाहायचा होता, मला मात्र झाडीच्या पलीकडे पाणी दिसतं का तेवढंच पाहायचं होतं. वाडीच्या कडेने समुद्राकडे जाणारा सरळ रस्ता आहे. तो कॉन्स्टंटाइन हायगेन्सच्या योजनेनुसार सतराव्या शतकात बांधला गेला. हे हायगेन्स म्हणजे कवी, मुत्सद्दी आणि देकार्तचे स्नेही. शनीच्या कड्यांचं कोडं उलगडणारा क्रिस्तियान हायगेन्स हा त्यांचा मुलगा. त्या रस्त्यावरून चालताना मला फार आनंद झाला. माझ्या आवडीची इतकी माणसं एवढ्याशा जागेत नांदून गेली होती!

तर १७४० च्या उन्हाळ्यात ट्रेंबलीने वाडीतल्या पाण्यातून काही पाणवनस्पती आणली आणि बरण्यांत घालून खिडकीत ठेवली. पानांवर त्याला बारीक हिरवे जीव दिसले. त्याच्या आधी सूक्ष्मदर्शकवाल्या लेव्हेनहुकने असे जीव पाहून त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, पण ट्रेंबलीला ते ठाऊक नव्हतं. रंग हिरवा, रूप गवतासारखं, तेव्हा ही वनस्पतीच असणार असं त्याला वाटलं. मग शुंडकं हलताना दिसली. वाऱ्याने हलत असतील? बरणीला धक्का दिला तर ती आक्रसली. लाजाळूही आक्रसतंच की! पुढे त्याच्या लक्षात आलं की सगळे जीव बरणीच्या उजेडाकडच्या अंगाला गोळा होतात. बरणी फिरवली, तर थोड्या दिवसांत ते पुन्हा उजेडाच्या अंगाला. त्याने बरणीभोवती पुठ्ठा गुंडाळून त्याला एक खाच पाडली. जीव त्या खाचेशी जमले. डोळे नसलेला प्राणी उजेड शोधत होता.

तरी संशय जाईना, कारण शुंडकांची संख्या प्रत्येकात वेगळी. प्राण्यांचे अवयव मोजून मापून असतात, फांद्यांना असा नेम नसतो. मग त्याने निकाल लावायचं ठरवलं. कापून पाहायचं: वनस्पती असेल तर दोन्ही तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरेल. २५ नोव्हेंबर १७४० रोजी त्याने एक हायड्रा आडवा कापला. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या उथळ भांड्यांत ठेवले आणि रोज भिंगाने पाहू लागला. डोक्याकडचा तुकडा खाऊ-पिऊ लागला यात त्याला विशेष वाटलं नाही. शेपटीकडच्या तुकड्याच्या कापल्या कडेला नवव्या दिवशी त्याला बारीक टोकं वर आलेली दिसली. ती शुंडकं होती. काही दिवसांत तो तुकडा पूर्ण प्राणी झाला, चालू लागला, शिकार करू लागला.

इथे त्याचा निकष कोलमडला. कापूनही जगला म्हणजे वनस्पती; पण चालतो, शिकार करतो, गिळतो म्हणजे प्राणी. त्याने एकट्याने निष्कर्ष काढला नाही. त्या काळचा कीटकांचा सर्वात मोठा जाणकार, पॅरिसचा रेओम्यूर, याला पत्र लिहिलं आणि जिवंत हायड्रा पाठवले. लाखेने तोंड बंद केलेल्या नळीतले पहिले हायड्रा वाटेतच गुदमरून मेले. दुसऱ्या खेपेचे जिवंत पोचले. रेओम्यूरने स्वतः कापून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मार्च १७४१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हकिगत मांडली. हा प्राणीच आहे असा निर्वाळा त्याने दिला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत ट्रेंबलीने जे प्रयोग केले त्यांच्या बारकाईने मी आजही थक्क होतो. त्याने हायड्राचे अनेक तुकडे केले, प्रत्येकाचा प्राणी झाला. डोक्याकडून उभी चीर दिली, दोन डोकी झाली. पुन्हा चिरत चिरत सात डोक्यांचा हायड्रा केला. ग्रीक पुराणातल्या अनेकमुखी राक्षसी सर्पाचं नाव या प्राण्याला मिळालं ते यामुळे. जीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने ते पक्कं केलं. दोन हायड्रांचे तुकडे जोडून एक प्राणी केला. आणि सगळ्यात कठीण प्रयोग हा: हायड्राला आधी भरपूर खाऊ घालून फुगवायचा, तळहातावर थेंबभर पाण्यात घ्यायचा, डुकराच्या राठ केसाचं टोक त्याच्या पायाकडच्या बाजूला टेकवायचं आणि हळूहळू ढकलत तो सबंध देह तोंडातून उलटा बाहेर काढायचा. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. तो पुन्हा सुलटा होऊ नये म्हणून केसच आरपार घालून ठेवायचा. असा उलटवलेला हायड्राही जगला आणि खाऊ लागला. मी तरुणपणी हा प्रयोग करायला बसलो आहे आणि एवढंच सांगतो की त्यासाठी लागणारा हात आणि धीर दोन्ही दुर्मीळ आहेत.

१७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. १७४४ मध्ये लायडनला त्याचं पुस्तक निघालं. त्यातली बरीच चित्रं पीटर लियोनेने कोरली, जो व्यवसायाने वकील होता. हे पुस्तक आता संगणकावर कुणालाही उघडून पाहता येतं. निदान चित्रं तरी पाहावीतच. प्रकरणांच्या माथ्यावरच्या चित्रांत ट्रेंबली आणि बेंटिंकांची मुलं दिसतात, खिडकीतल्या बरण्या दिसतात. शिक्षक काहीतरी शोधतो आहे आणि विद्यार्थी शेजारी उभे आहेत, याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. आपल्याकडे हायड्रा म्हणजे 'मुकुलायनाची नामनिर्देशित आकृती काढा'. दहावीपर्यंत लाखो मुलं ती आकृती काढतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना जिवंत हायड्रा दाखवला जातो. बरणी आणि भिंग एवढाच खर्च आहे.

आता मूळ मुद्दा. या बातमीने युरोप का हादरला? कारण ती एकाच वेळी तिन्ही बाजूंना लागली. प्राणी यंत्र आहे म्हणणाऱ्यांना विचारावं लागलं की कुठलं यंत्र मधोमध कापल्यावर दोन चालती यंत्रं होतं. प्राण्यालाही आत्मा आहे आणि आत्मा अखंड आहे म्हणणाऱ्यांची अडचण त्याहून मोठी. सुरीने आत्मा दुभंगला, की दुसरा आत्मा आयत्या वेळी आला? आणि प्रत्येक प्राणी जगाच्या आरंभापासून सूक्ष्म रूपात तयारच असतो, फक्त वाढतो, असं मानणारे त्या काळी बहुसंख्य होते. त्यांना सांगता येईना की सुरी कुठे फिरेल हे आधी कुणाला ठाऊक नसताना तिथे तयार डोकं कसं काय ठेवलेलं होतं. ट्रेंबलीचा आप्त शार्ल बॉने गांडुळासारख्या पाणकिड्यांचे तुकडे करून तेच पाहत होता आणि जागोजागी दडलेल्या बीजांची कल्पना लढवत होता. व्हॉल्तेअरसारख्या शंकेखोराने तर पुढेही या जीवाला प्राणी मानायला कुरकुर केली.

सगळ्यात धीट निष्कर्ष काढला तो ला मेत्री या फ्रेंच वैद्याने. लायडनलाच १७४७ च्या अखेरीस त्याचं 'माणूस एक यंत्र' हे पुस्तक निनावी प्रसिद्ध झालं. त्याने कापून काढलेल्या, तरीही धडधडणाऱ्या हृदयांची उदाहरणं दिली आणि त्याच रांगेत ट्रेंबलीचा हायड्रा उभा केला. त्याचं म्हणणं असं, की देहाच्या प्रत्येक अंशात स्वतःची हालचाल करण्याची, स्वतःला घडवण्याची शक्ती आहे; मग वेगळा आत्मा कशाला हवा? देकार्तने प्राण्यांपुरतं थांबवलेलं विधान त्याने माणसापर्यंत नेलं. हॉलंडसारख्या सहिष्णू देशातही त्याला राहणं अशक्य झालं आणि तो प्रशियाच्या फ्रेडरिकच्या आश्रयाला गेला.

ला मेत्रीबद्दल मला आदर आहे, पण माझ्या मते त्याने साक्षीदार बरोबर आणला आणि त्याची साक्ष चुकीची वाचली. हायड्रा हा यंत्राचा सगळ्यात वाईट नमुना आहे. यंत्राचे भाग आधी असतात आणि मग यंत्र जुळतं. इथे सबंध प्राणी आधी आहे आणि भाग त्याच्या गरजेने घडतात. त्याने जडाला इतकं सामर्थ्य बहाल केलं की देकार्तचं निष्क्रिय, नुसती जागा व्यापणारं जड त्यात उरलंच नाही. पुस्तकाच्या नावात यंत्र राहिलं, आतून ते यंत्र जिवंत झालं होतं. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदेरोला हे नीट उमगलं असावं. १७६९ मध्ये लिहिलेल्या, पण त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी छापलेल्या संवादात त्याने परग्रहावरच्या, हायड्रासारख्या तुकड्यातुकड्यांतून वाढणाऱ्या माणसांची कल्पना रंगवली आहे. एकच माणूस असंख्य झाला तर 'मी' कोण म्हणणार, हा प्रश्न तिथे उघडपणे हसतखेळत मांडला गेला.

आणि ट्रेंबली? तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता. आपण पाहिलं ते सांगायचं आणि आत्म्याबद्दल बोलायचं नाही, असा नियम त्याने पाळला. मागेल त्याला हायड्रा पाठवले, ते कसे सांभाळावेत हेही कळवलं. पुढे मुलांच्या शिक्षणावर पुस्तकं लिहिली आणि १७८४ मध्ये वारला.

इथे मला माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी आठवते. हायड्राचे कापलेले तुकडे वाढताना दाखवत होतो. ती जैन घरातली. तिने विचारलं, "सर, मग कापायच्या आधी यात जीव किती होते?" रेओम्यूरच्या काळात पॅरिसमध्ये जो प्रश्न विद्वान विचारत होते तो वाई-साताऱ्याकडच्या मुलीने सहज विचारला, कारण तिच्या घरच्या परंपरेत तो रोजच्या स्वयंपाकाशी जोडलेला होता. जैन विचारात वनस्पतींचे दोन प्रकार मानले आहेत. एका शरीरात एकच जीव असणाऱ्या त्या प्रत्येक आणि एका शरीरात अनंत जीव एकत्र राहणाऱ्या त्या साधारण. बटाटा, कांदा, आलं यांसारखी कंदमुळं अनंतकाय म्हणून वर्ज्य. जमिनीत पुरलेल्या बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यातून वेगळं रोप येतं हे शेतकऱ्याला दिसतंच. एका देहात एकच जीव असला पाहिजे, हे गृहीत जैन विचारकांनी कधी धरलंच नाही. तिनेच पुढे प्रामाणिकपणे सांगितलं, की हायड्रा हलतो-चालतो, म्हणजे तो त्रस जीव, त्याला वनस्पतीचा हा नियम लावता यायचा नाही. बरोबर आहे. पण युरोपातल्या वादात जी शक्यता मागेच राहिली होती ती आपल्याकडे सूक्ष्म वर्गीकरणासकट मांडून ठेवलेली होती, याचं मला फार अप्रूप आहे.

एकोणिसावं शतक मी जवळजवळ सगळंच सोडून देतो. त्याच्या अखेरीस, १८९१ साली, जीवशास्त्रज्ञ हान्स ड्रीशने ट्रिएस्टला समुद्री साळिंदराच्या, म्हणजे सी-अर्चिनच्या, अंड्याच्या पहिल्या दोन पेशी हलवून हलवून वेगळ्या केल्या. अर्धा गर्भ मिळेल अशी अपेक्षा. मिळाले दोन अखंड, फक्त आकाराने लहान. ड्रीश जन्मभर त्यातून बाहेर आला नाही. जडाच्या नियमांनी हे होणं अशक्य, तेव्हा घडणीला दिशा देणारं काही अजड तत्त्व असलं पाहिजे, असं तो म्हणू लागला आणि प्रयोगशाळा सोडून तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. त्याची तळमळ मला समजते. पण तो फार लवकर उठला. आणखी काही वर्षं सूक्ष्मदर्शकापाशी बसला असता तर पुढची गोष्ट त्याला दिसली असती.

ती गोष्ट एथेल ब्राउन या अमेरिकन तरुणीने १९०९ मध्ये दाखवली. तिने एका हायड्राच्या तोंडाभोवतीचा बारीक तुकडा काढून दुसऱ्या हायड्राच्या कमरेत बसवला. तिथे नवीन डोकं आणि नवीन देह फुटला. आता हा नवा देह कुणाचा, बसवलेल्या तुकड्याचा की यजमानाचा? हिरव्या हायड्राच्या पेशींत शेवाळ राहतं म्हणून तो हिरवा असतो. ते काढून टाकलं की तोच हायड्रा पांढरा होतो. तिने एका रंगाचा तुकडा दुसऱ्या रंगाच्या देहात बसवला आणि रंगावरून ओळखलं, की नवा देह मुख्यतः यजमानाच्या पेशींचा आहे. तुकड्याने स्वतः वाढून देह केला नाही. त्याने शेजाऱ्यांना 'इथे डोकं करा' असं कळवलं आणि त्यांनी ते केलं. पंधरा वर्षांनी श्पेमान आणि माँगोल्ड यांनी बेडकांसारख्याच उभयचर असलेल्या सॅलमँडरमध्ये हाच प्रकार दाखवला आणि १९३५ चं नोबेल श्पेमानला मिळालं. एथेल ब्राउनचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी सापडलेलं नाही. ते तिथे असायला हवं.

ड्रीशच्या अजड तत्त्वाची गरज इथे संपायला लागते. घडण कळवली जाते, आणि कळवायला रसायनं पुरतात. ॲलन ट्युरिंगने, संगणकाच्या जनकाने, १९५२ च्या आपल्या निबंधात दोन रसायनं एकमेकांना चेतवत-दाबत पसरली तर त्यांतून आपोआप आकृती कशी उमटते, याचं गणित मांडलं आणि उदाहरणांत हायड्राची शुंडकं घेतली. १९७२ मध्ये जर्मनीत गीरर आणि सहकाऱ्यांनी हायड्राच्या पेशी पार सुट्या केल्या आणि पुन्हा एकत्र गोळा केल्या. त्या गोळ्यातून काही दिवसांत शुंडकं फुटली, डोकी झाली, हायड्रा तयार झाले. ट्रेंबलीच्या सुरीचा प्रश्न इथे उलटा होतो. अनेकांच्या पेशी मिसळून जे उभं राहिलं त्यात आधीच्यांपैकी कोण आहे?

आपल्या इथला दुवा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं हायड्रावर काम केलं. तिथल्या हायड्राच्या वाणाचं नाव संशोधनपत्रांत 'हायड्रा वल्गारिस इंड-पुणे' असं येतं. आणि संस्था ज्यांच्या नावाची त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचा यात आणखी एक धागा आहे. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, पण तरुणपणी त्यांना सह्याद्रीतल्या नद्यांच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडला. जेलीफिश म्हणजे समुद्र, अशी आपली समजूत. आणि त्या गटातले गोड्या पाण्यातले जीव तोवर आफ्रिकेतून माहीत होते. हा जेलीफिश हायड्राच्याच संघातला. ज्या डोंगरांतल्या पाण्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन हिंडलो तिथला हा शोध, म्हणून त्याचा मला जरा जास्तच अभिमान वाटतो.

आता ते चेतापेशींचं जाळं. मनाच्या दिशेने जाताना हायड्रा कितपत साथ देतो? १९५५ मध्ये लूमिसने दाखवलं की हायड्राच्या पाण्यात ग्लुटाथायोन हे रसायन मिसळलं तर सावज नसतानाही तो शुंडकं आत वळवतो आणि तोंड उघडतो. जखमी सावजाच्या अंगातून हेच रसायन झिरपतं. यंत्रवाद्यांना याहून चांगला पुरावा नको: कळ दाबली, तोंड उघडलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दुप्रे आणि युस्ते यांनी जिवंत हायड्राच्या सबंध चेताजाळ्याची हालचाल एकदम टिपली आणि त्या जाळ्यात वेगवेगळ्या वागणुकींशी जोडलेली निरनिराळी उपजाळी काम करताना दिसली. २०२० मध्ये जपान आणि कोरियातल्या संशोधकांनी हायड्राला झोपेसारखी अवस्था असते हे दाखवलं. ती तोडली तर तो पुढे ती भरून काढतो आणि आपल्या झोपेशी संबंधित काही रसायनांचा त्याच्यावरही परिणाम होतो. मेंदू नाही, पण झोप आहे. आपण झोपेला मेंदूची विश्रांती समजत होतो. झोप मेंदूहून जुनी निघाली.

तत्त्वज्ञान शिकवणारे माझे एक सहकारी होते. त्यांच्याशी या प्राण्यावरून आमचं वर्षानुवर्षं चाललं. त्यांचं म्हणणं, की हायड्राच्या आत कुणीही नाही. रसायन आलं, पेशी चाळवल्या, संपलं. मनाची भाषा इथे आणणं म्हणजे प्रश्नाची नासाडी. मी त्यांना बरणीपाशी बसवत असे. उपाशी हायड्राला ग्लुटाथायोन द्या, तोंड उघडतं. पोट भरलेल्याला तेच द्या, त्याचा प्रतिसाद मंदावतो. रसायन तेच, पेशी त्याच. बदलली आहे ती त्या सबंध प्राण्याची स्थिती आणि त्या स्थितीनुसार तीच गोष्ट एकदा कामाची, एकदा बिनकामाची ठरते आहे. दगडाला कुठलीच गोष्ट कामाची किंवा बिनकामाची नसते. हायड्रा विचार करतो असं मी म्हणत नाही. पण 'याला काहीतरी हवं आहे' हे वाक्य ज्याच्याबद्दल पहिल्यांदा अर्थपूर्ण होतं ती जागा म्हणजे जीव. मन शोधायला निघालेल्याने इथून वर चढावं, असं मला वाटतं. एलिझाबेथला हवा असलेला मन आणि देह यांच्यातला सांधा सापडला तर इथेच सापडेल. सहकारी म्हणत, भुकेचं रसायनही सापडेल, मग काय कराल? मी म्हणत असे, सापडू द्या. ते रसायन ज्याची भूक आहे त्याच्यापासून सुटं करून बाटलीत भरलंत, की ती भूक राहत नाही.

हे त्यांना पटलं नाही. पण पुढे त्यांच्या तासाला देकार्तचा पाठ आला की ते माझ्याकडून एक बरणी मागून नेत आणि टेबलावर ठेवत.